हृदयातील यंत्र आणि रक्ताची गुठळी

व्याख्यानमालेत आरोग्याचा विषय निघाला म्हणजे श्रोत्यांची अपेक्षा बहुधा पथ्यपाण्याची असते. आम्ही निवडलेला विषय त्याहून थोडा निराळा आहे. हृदयात कृत्रिम झडप बसवून आलेली, हृदयाच्या रक्तवाहिनीत ‘स्प्रिंग’ घातलेली किंवा गळपट्टीच्या हाडाखाली पेसमेकर घेऊन हिंडणारी माणसे आता गावोगाव आढळतात. मोहने-आंबिवलीसारख्या कामगारवस्तीतही ती आहेत. ऑपरेशन उत्तम पार पडलेले असते, टाके निघालेले असतात, मनुष्य पुन्हा जिने चढू लागलेला असतो. तरीही घरी जाताना हाती पडलेल्या कागदावर एक गोळी लिहिलेली असते आणि तिच्यापुढे ‘बंद करू नये’ असा शेरा असतो. घरची मंडळी विचारतात, ‘दुरुस्ती झाली ना? मग आता गोळी कशाला?’

हा प्रश्न अडाणीपणाचा आहे असे आम्हांस मुळीच वाटत नाही. यंत्र दुरुस्त झाल्यावर मिस्त्री रोज येत नाही, हा व्यवहारातील अनुभवच त्यामागे आहे. परंतु या प्रश्नाचे नीट उत्तर न मिळाल्यामुळे एके दिवशी गोळी बंद होते आणि उत्तम झडप छातीत असतानाही माणूस दगावतो किंवा अर्धांगवायूने अंथरुणाला खिळतो. म्हणून ते उत्तर सविस्तर देण्याचे आम्ही योजिले आहे.

रक्ताचे दोन स्वभाव

रक्ताकडून आपण दोन परस्परविरुद्ध गोष्टींची अपेक्षा करतो. त्याने जन्मभर न थांबता पातळ राहून वाहावे, आणि भाजी चिरताना बोट कापले तर मात्र चार-पाच मिनिटांत त्याच जागी घट्ट व्हावे. पहिल्यात चूक झाली तर गुठळीने मृत्यू, दुसऱ्यात चूक झाली तर रक्तस्रावाने मृत्यू. निसर्गाने ही दोन्ही कामे एकाच द्रवाकडे सोपविली आहेत.

जखम झाली की प्रथम प्लेटलेट नावाच्या सूक्ष्म चकत्या तेथे धावतात, एकमेकींस चिकटतात आणि भोकाला तात्पुरते बूच बसते. मागोमाग रक्तातील काही प्रथिने साखळीने एकमेकांस जागी करतात. या साखळीच्या शेवटी फायब्रिन नावाचे धागे तयार होतात आणि त्यांच्या जाळ्यात तांबड्या पेशी अडकून गुठळी पक्की होते. प्लेटलेटचे बूच आणि फायब्रिनचे जाळे हे दोन टप्पे वाचकांनी ध्यानात ठेवावेत. पुढे औषधांचा उलगडा करताना त्यांचा उपयोग होणार आहे.

मग रक्ताला जखम झाल्याचे कळते कसे? त्याला डोळे नाहीत, स्पर्श तेवढा आहे. सगळ्या रक्तवाहिन्यांना आतून एका पेशीच्या जाडीचे अत्यंत नाजूक अस्तर असते. हे अस्तर सतत अशी द्रव्ये पाझरीत असते की ज्यांच्यामुळे प्लेटलेट तेथे चिकटत नाहीत. या अस्तराखेरीज दुसऱ्या कशालाही रक्त लागले की ते त्याला जखम समजते. काचेच्या नळीत घेतलेले रक्त लवकर गोठते आणि आतून मेण लावलेल्या नळीत उशिरा गोठते, हे पूर्वीच्या वैद्यांनाही ठाऊक होते. हृदयात बसविलेला धातू कितीही गुळगुळीत असला तरी रक्ताच्या दृष्टीने तो परकाच, म्हणजे कधीही न भरणारी जखमच होय. आमच्या सगळ्या विवेचनाचे मर्म या एका वाक्यात आहे.

जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्खो याने १८५६ साली गुठळ्यांविषयीचे आपले संशोधन प्रसिद्ध केले. त्याच्या नावाने आज तीन कारणे सांगितली जातात: प्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा होणे, आणि खुद्द रक्ताची घडण बदलणे. मोहने येथील लोकांस हे समजावयास फार लांब जावे लागत नाही. उल्हास नदीच्या बंधाऱ्यामागे उन्हाळ्यात पाणी संथ झाले की जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो आणि पाणी उपसण्याच्या कामात अडथळा येतो. पण नुसते पाणी संथ झाल्याने जलपर्णी इतकी माजत नाही. वरून आलेल्या सांडपाण्याचे खत तिला लागते, आणि धरून राहावयास काठाचा आडोसा लागतो. वाहत्या धारेत तीच जलपर्णी टिकत नाही. गुठळीचेही तसेच आहे. एक कारण पुष्कळदा पचून जाते. दोन-तीन एकत्र आली की घात होतो.

कृत्रिम झडपेची कहाणी

हृदयात चार झडपा असतात. रक्त पुढे जाऊ द्यावे, मागे येऊ देऊ नये, एवढेच त्यांचे काम. पण ते दिवसातून सुमारे एक लाख वेळा करावयाचे असते. आपल्या देशात या झडपा खराब होण्याचे एक मोठे कारण म्हणजे संधिज्वर, ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटिक ताप म्हणतात. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलाचा घसा विशिष्ट जंतूंमुळे सुजतो, काही आठवड्यांनी सांधे सुजतात, ताप येतो व जातो. पुढे कित्येक वर्षांनी तेच मूल तरुणपणी धापा टाकू लागते, तेव्हा झडप आखडल्याचे किंवा गळत असल्याचे कळते. दाटीच्या वस्तीत आणि गरिबीत हा रोग अधिक फोफावतो. म्हणून पाश्चात्त्य देशांत झडप बदलावी लागणारा रोगी बहुधा वृद्ध असतो, तर आपल्याकडे तो अनेकदा ऐन उमेदीतला कामगार किंवा नुकती संसाराला लागलेली स्त्री असते.

अमेरिकेत चार्ल्स हफनॅगेल या शल्यवैद्याने १९५२ साली पिंजऱ्यातील गोळीची पहिली कृत्रिम झडप माणसाच्या महारोहिणीत बसविली. खुद्द हृदयातील झडप काढून तिच्या जागी नवी बसविण्याचा यशस्वी प्रयोग १९६० साली अ‍ॅल्बर्ट स्टार हे शल्यवैद्य आणि लोवेल एडवर्ड्स हे इंजिनिअर या जोडीने केला. त्यांची अडचण कोणती होती ते पाहण्यासारखे आहे. निसर्गातील झडपेसारख्या पडद्यांच्या झडपा त्यांनी प्रथम कुत्र्यांत बसविल्या. त्या पाहता पाहता गुठळ्यांनी भरून गेल्या. तेव्हा निसर्गाची नक्कल सोडून त्यांनी पिंजऱ्यातील गोळी पत्करली. गोळी सर्व बाजूंनी धुऊन निघते, त्यामुळे गुठळीला बस्तान बसविण्यास जागा कमी मिळते. पहिल्या रोग्यांपैकी एकजण या झडपेवर पंधरा वर्षे जगला आणि १९७५ मध्ये शिडीवरून पडून वारला. झडप शेवटपर्यंत चालत होती. म्हणजे कृत्रिम झडपेचा आकार अगदी आरंभापासून ठरविला तो गुठळीच्या भीतीने.

पुढे तिरकी उघडणारी चकती आली, त्यानंतर दोन पाकळ्यांची झडप आली. आपल्या देशातील प्रयत्नही असाच कष्टाचा आहे. तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परदेशी झडपेच्या किमतीला पर्याय म्हणून देशी झडप करण्याचे काम हाती घेतले. पहिले तीन नमुने फसले. एकात कृत्रिम नीलमण्याची चकती वापरली होती. ती इतकी कठीण की तिचा धातूवरील आघातच घातक ठरला. चौथ्या नमुन्यात कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची चौकट, विशेष प्रकारच्या पॉलिएथिलीनची चकती आणि पॉलिएस्टरच्या कापडाची कडा अशी योजना केली. मेंढ्यांवर चाचण्या झाल्यावर ६ डिसेंबर १९९० रोजी ती प्रथम माणसात बसविली गेली. मद्रासच्या टीटीके उद्योगसमूहाने पुढे तिचे उत्पादन केले आणि हजारो भारतीयांच्या छातीत आज ती चालते आहे. वलियाथन २०२४ साली निवर्तले.

या पॉलिएस्टरच्या कडेत आमच्या मोहन्याच्या वाचकांस विशेष रस वाटावा. नॅशनल रेयॉनच्या कारखान्यामुळे कृत्रिम धाग्याशी या गावाची जुनी ओळख आहे. झडप हृदयाला शिवावयाची तर सुई टोचण्यासाठी कापड लागते. हे कापड मुद्दाम खरखरीत ठेवतात, कारण त्यात शरीराची पेशीजाळी शिरावी आणि वर नैसर्गिक अस्तर चढावे. काही महिन्यांत तसे होते व त्या भागापुरती जखम भरून येते. पण चकती हलती असते, तिच्यावर अस्तर कधीच चढत नाही. आणि जेथे ती टेकते त्या बिजागरीच्या कोपऱ्यात रक्त क्षणभर रेंगाळते. परका पदार्थ आणि मंद प्रवाह अशी दोन कारणे तेथे जन्मभर एकत्र नांदतात.

प्राण्यांच्या पेशीजाळीपासून केलेल्या झडपाही मिळतात. त्यांना बहुधा पहिले काही महिनेच रक्त पातळ ठेवण्याचे औषध पुरते. परंतु तरुण शरीरात त्या लवकर झिजतात आणि दुसरे ऑपरेशन करावे लागते. थोडक्यात, धातूची झडप टिकाऊ पण गोळीची बांधील, पेशीजाळीची झडप गोळीतून मोकळी पण अल्पायुषी. यातले काय पत्करावयाचे, हे ऑपरेशनपूर्वीच डॉक्टरांशी बसून ठरविले पाहिजे. तपासणीसाठी दरमहा जाणे आपल्याला झेपेल का, हा प्रश्नही त्या वेळी संकोच न करता मांडावा.

गुठळी धरली म्हणजे काय होते

झडपेवर धरलेली गुठळी दोन प्रकारांनी घात करते. एक तर ती जागीच वाढून चकतीची हालचाल अडविते. रोग्याला दोन-चार दिवसांत, कधी काही तासांतच धाप लागू लागते, आडवे पडवत नाही, पाय सुजतात. धातूच्या झडपेचा ‘टिक टिक’ आवाज शांत खोलीत खुद्द रोग्याला आणि शेजारी झोपलेल्या माणसाला ऐकू येतो; तो बसका झाला किंवा नाहीसा झाला तर ते मोठेच भयसूचक चिन्ह समजावे. दुसरा प्रकार असा की गुठळीचा तुकडा सुटतो आणि प्रवाहाबरोबर जातो. मेंदूत अडकला तर तोंड वाकडे होते, बोबडी वळते, एक हात-पाय लुळा पडतो. पायात अडकला तर पाय एकाएकी थंड, पांढरा व अतिशय दुखरा होतो.

१९९४ साली अनेक पाहण्या एकत्र करून एक हिशेब प्रसिद्ध झाला. धातूची झडप असलेल्या शंभर माणसांनी वर्षभर कोणतेही औषध घेतले नाही, तर सुमारे चौघांना गुठळीच्या तुकड्याचा गंभीर अपघात होतो. अ‍ॅस्पिरिनसारख्या औषधाने हे प्रमाण दोनाच्या आसपास येते आणि वॉर्फरिनच्या जातीच्या औषधाने एकावर. शंभरात चार हा आकडा लहान वाटेल. पण पंचविशीत झडप बसविलेल्या मनुष्याला पुढे तीस-चाळीस वर्षे काढावयाची आहेत आणि हा धोका दर वर्षी नव्याने पत्करावा लागतो, हे विसरता कामा नये.

गुठळी झाल्याची शंका येताच इकोकार्डिओग्राम काढतात व क्ष-किरणांच्या पडद्यावर चकती हलते की नाही ते पाहतात. मग गुठळी विरघळविणारे औषध शिरेतून द्यावयाचे, की पुन्हा छाती उघडावयाची, याचा निर्णय होतो. दोन्ही मार्ग जोखमीचे आहेत. औषधाने गुठळी विरघळताना तिचा तुकडा सुटू शकतो, रक्तस्रावही होऊ शकतो. आणि अत्यवस्थ रोग्याचे दुसरे ऑपरेशन पहिल्याइतके सोपे नसते. या संकटातून बाहेर काढणारे उपाय आहेत, परंतु त्यांतला एकही रोजच्या गोळीइतका स्वस्त व निर्धोक नाही.

कुजलेल्या गवतातून आलेले औषध

या गोळीचा इतिहास मनोरंजक आहे. १९२०च्या सुमारास कॅनडा व उत्तर अमेरिकेतील गुरे एकाएकी रक्तस्राव होऊन मरू लागली. फ्रँक स्कोफील्ड या पशुवैद्याने दाखवून दिले की याचे मूळ बुरशी लागलेल्या एका प्रकारच्या गोड गवतात आहे. १९३३ च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी बर्फातून वाट काढीत मेलेली कालवड, ते गवत आणि न गोठलेल्या रक्ताने भरलेले दुधाचे कॅन घेऊन कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोहोचला. लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या गवतातील द्रव्य १९३९ साली वेगळे केले. त्याच कुळातील अधिक प्रभावी वॉर्फरिन १९४८ मध्ये प्रथम उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांना औषध म्हणून देण्यात येऊ लागले. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आल्यावर हेच औषध देण्यात आले होते. आपल्याकडे त्याचेच भावंड असलेले असेनोकुमारॉलही पुष्कळ वापरले जाते.

‘हे उंदराचे विष आहे’ असे कोणी घाबरविले तर घाबरू नये. मात्रा हाच औषध आणि विष यांतील फरक, हे आपल्या वैद्यांनीही सांगितलेच आहे. रक्त गोठविणारी काही प्रथिने यकृतात तयार होतात आणि त्यासाठी ‘के’ जीवनसत्त्व लागते. डेन्मार्कचे हेन्रिक डाम यांनी कोंबड्यांवर प्रयोग करताना हे जीवनसत्त्व शोधले व १९४३ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. वॉर्फरिन या जीवनसत्त्वाचा वापर अडविते, त्यामुळे फायब्रिनचे जाळे सावकाश तयार होते. लोक म्हणतात त्याप्रमाणे रक्त पाण्यासारखे पातळ होत नाही. गोठावयास वेळ लागतो, इतकेच.

आता अडचण अशी की ही मात्रा माणसागणिक निराळी, आणि त्याच माणसातही महिन्यागणिक बदलणारी असते. म्हणून रक्ताची तपासणी करावी लागते. पूर्वी प्रत्येक प्रयोगशाळेचा निकाल निराळा येई. जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ साली सर्वांसाठी एक समान माप स्वीकारले, तेच आय.एन.आर. औषध न घेणाऱ्या माणसाचा आकडा एकच्या आसपास असतो. धातूची झडप असलेल्याचा आकडा, झडप कोणत्या जागी आहे त्याप्रमाणे, सर्वसाधारणपणे दोन ते साडेतीन यांच्या दरम्यान ठेवतात. नेमका आकडा ज्याचा त्याला डॉक्टर सांगतात. खाली गेला तर गुठळीचे भय, फार वर गेला तर मेंदूत किंवा पोटात रक्तस्रावाचे भय. चुलीवरच्या दुधासारखी गत आहे: आच कमी झाली तर तापत नाही, वाढली तर उतू जाते, आणि लक्ष मात्र सतत ठेवावे लागते.

हा आकडा कशाने हलतो? पालेभाज्यांत ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असते: पालक, मेथी, अळू, शेपू, कोथिंबीर. पावसाळ्यात कल्याणच्या बाजारात टाकळा, कुरडू, भारंगी अशा रानभाज्या येतात. पालेभाजी मुळीच खाऊ नये असा सल्ला कोणी देतात. तो बरोबर नाही. आठवड्यास जेवढी खात होता तेवढीच बारमाही खावी, एवढे पुरे. श्रावणात एकाएकी रोज पालेभाजी किंवा नवरात्रात नऊ दिवस उपवास, अशा दोन टोकांनी आकडा डळमळतो. दारूने डळमळतो. त्याहून अधिक गोंधळ दुसरी औषधे करतात. क्षयावरील रिफॅम्पिसिनने वॉर्फरिनचा गुण पार उतरतो. जुलाबावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेट्रोनिडॅझोलने तो वाढतो. अंगदुखीच्या पुष्कळ गोळ्यांनी पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. झाडपाल्याचे काढेही निरुपद्रवी समजू नयेत. दुकानातून स्वतःच्या मनाने गोळी आणण्याची आपली सवय झडपवाल्या माणसाला परवडणारी नाही.

तपासणी नको असलेली नवी औषधे निघाली आहेत, ती का देत नाहीत, असे लोक विचारतात. ती औषधे इतर काही रोगांत उत्तम ठरली, परंतु धातूच्या झडपेसाठी नव्हे. डॅबिगॅट्रान हे त्यांपैकी एक औषध धातूच्या झडपेच्या रोग्यांना देऊन पाहण्यात आले. गुठळ्याही अधिक आणि रक्तस्रावही अधिक असे दिसल्यामुळे २०१२ च्या अखेरीस तो प्रयोग मध्येच थांबवावा लागला. तेव्हा जुन्या गोळीला येथे अजून पर्याय नाही.

स्त्रियांचा प्रश्न

झडप बसविलेल्या तरुण स्त्रीपुढे आणखी एक बिकट प्रश्न उभा राहतो. वॉर्फरिन वारेतून गर्भापर्यंत पोहोचते आणि विशेषतः सहाव्या ते बाराव्या आठवड्यांत गर्भात व्यंग निर्माण करू शकते. हे ऐकून दिवस राहिल्याचे कळताच गोळी आपल्या मनाने बंद केली जाते. पण गरोदरपणात रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती मुळातच वाढलेली असते. फिर्खोचे तिसरे कारण हेच. बाळाला वाचविण्यासाठी गोळी टाकावी आणि झडप बंद पडून दोघेही जावीत, असा दुर्दैवी प्रकार त्यातून घडतो. हेपारिन हे इंजेक्शनने देण्याचे औषध वारेतून पलीकडे जात नाही. त्याचा केव्हा व किती वापर करावयाचा, गोळीची मात्रा लहान असेल तर तीच चालू ठेवावयाची काय, प्रसूतीपूर्वी कधी बदल करावयाचा, हे सारे हृदयतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ यांनी मिळून ठरवावयाचे असते. म्हणून दिवस राहण्याचा विचार असेल तेव्हाच दवाखाना गाठावा. सासूबाईंनी व नवऱ्याने हे ऐकून ठेवणे सुनेने ऐकण्याइतकेच आवश्यक आहे, कारण पुष्कळ घरांत दवाखान्यात केव्हा जावयाचे हे तिच्या हाती नसते. प्रसूतीनंतर वॉर्फरिन घेत असताना बाळाला अंगावर पाजता येते, हेही येथे सांगून टाकतो.

स्प्रिंग आणि पेसमेकर

हृदयाच्या रक्तवाहिनीतील स्प्रिंग म्हणजे स्टेंट. तो १९८६ साली फ्रान्स व स्वित्झर्लंडमध्ये प्रथम वापरण्यात आला. १९९१ मध्ये १०५ रोग्यांचा अहवाल आला, त्यात जवळजवळ पाव भागाचे स्टेंट बंद पडलेले आढळले, आणि तेही बहुतेक पहिल्या पंधरवड्यात. डॉक्टरांनी वॉर्फरिन देऊन पाहिले. रक्तस्राव वाढला, गुठळ्या फारशा हटल्या नाहीत. याचे कारण वर सांगितलेल्या दोन टप्प्यांत आहे. रोहिणीतील रक्त वेगाने धावते. तेथे फायब्रिनपेक्षा प्लेटलेटचे बूच अधिक घातक. अ‍ॅस्पिरिन आणि प्लेटलेटवरील दुसरे एक औषध अशी जोडी देताच चित्र पालटले. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या प्रयोगात नुसत्या अ‍ॅस्पिरिनवर शंभरात साडेतीन रोग्यांना गुठळीचा त्रास झाला. अ‍ॅस्पिरिनबरोबर वॉर्फरिन दिल्यावर पावणेतीन. आणि दोन प्लेटलेटविरोधी औषधांवर अवघा अर्धा. म्हणून झडपेची गोळी स्टेंटला चालत नाही आणि स्टेंटची झडपेला पुरत नाही. शेजाऱ्याची ‘रक्त पातळ होण्याची गोळी’ उसनी घेणारांनी हे पक्के ध्यानात ठेवावे.

स्टेंटच्या बाबतीत दिलासा असा की त्याच्या तारांवर हळूहळू अस्तर चढते. नुसत्या धातूच्या स्टेंटवर ते लवकर चढते, औषध लावलेल्या स्टेंटवर सावकाश. म्हणून दोन गोळ्यांची जोडी साधारणपणे सहा महिने ते वर्षभर चालवितात आणि नंतर बहुधा एक ठेवतात. या मुदतीत दात काढावयाचा आहे, मोतिबिंदूचे ऑपरेशन आहे किंवा पैसे संपले आहेत म्हणून गोळ्या परस्पर बंद करणे प्राणावर बेतू शकते. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत तेव्हा २९,६०० रुपये ठरली. स्टेंट स्वस्त झाला ही चांगलीच गोष्ट झाली. पण पुढचे वर्षभर गोळी घेतली गेली तरच त्या पैशांचे चीज होते.

पेसमेकरविषयी थोडक्यात सांगतो, कारण तेथे भय कमी आहे. त्याची तार गळपट्टीच्या हाडाखालच्या शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूस जाते. शिरेत गुठळी धरून ती अरुंद होणे पुष्कळांत घडते, परंतु रक्त आडवाटांनी जाते आणि रोग्याला बहुधा कळतही नाही. मोजक्या माणसांचा त्या बाजूचा हात सुजतो व जड होतो. तेव्हा मात्र दाखवावे. उजव्या बाजूचे रक्त फुप्फुसाकडे जाते, त्यामुळे तेथील गुठळी सहसा मेंदूकडे जात नाही. झडपेची रोगी बाजू बहुधा डावी असते आणि डावीकडचे रक्त थेट मेंदूला पोहोचते. यंत्र कोणते आणि ते कोठे बसले आहे यावर धोका ठरतो, तो असा. याच्या उलट, दुबळ्या हृदयाला साहाय्य करणारे जे यांत्रिक पंप निघाले आहेत, त्यांत रक्त सतत धातूवर घासत फिरते. गुठळी आणि रक्तस्राव हे दोन्ही शत्रू तेथे एकाच वेळी उभे असतात. अशा एका पंपाची विक्री मेंदूतील अपघातांच्या प्रमाणामुळे जून २०२१ मध्ये जगभर थांबवावी लागली.

गावाने काय करावे

येथवर जे सांगितले त्याचा इत्यर्थ एवढाच की हृदयात बसविलेले यंत्र एकट्या धातूचे नसते. रोजची गोळी, ठरल्या वेळची तपासणी आणि त्या दोन्हींचा हिशेब ठेवणारे माणूस हे त्या यंत्राचेच भाग होत. शल्यवैद्य पहिला भाग बसवून देतो. उरलेले भाग घरात आणि गावात बसवावे लागतात.

महाराष्ट्रात १९९७ पासून जीवनदायी योजना आणि तिच्यातून पुढे निघालेली, आज महात्मा फुले यांच्या नावाने चालणारी जन आरोग्य योजना यांमुळे गरिबालाही झडपेचे ऑपरेशन आवाक्यात आले. पण अशा योजनेचा भर इस्पितळातील उपचारावर असतो. पुढची तीस-चाळीस वर्षे घराला स्वतः चालवावी लागतात. आंबिवलीहून गाडी धरून, कल्याणला बदलून परळच्या मोठ्या रुग्णालयापर्यंत जावयाचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते. २००९ मध्ये येथील कारखाना बंद पडला. अशा वेळी घरखर्चातून प्रथम काय कापले जाते हे सांगावयास नको: जे बंद केल्याने आज काही दुखत नाही तेच. आणि ही गोळी नेमकी तशीच आहे. ती घेतल्याने बरे वाटत नाही आणि सोडल्याने लगेच वाईटही वाटत नाही.

उपाय फार खर्चाचे नाहीत. प्रत्येक रोग्याने एक छोटी वही ठेवावी. तीत यंत्राचे नाव, बसविल्याची तारीख, आपला ठरलेला आकडा, प्रत्येक तपासणीचा निकाल आणि त्या दिवशीची मात्रा लिहावी. कोणत्याही डॉक्टरकडे, दंतवैद्याकडे किंवा औषधाच्या दुकानात जाताना ती वही प्रथम पुढे करावी. गोळीची वेळ एकच ठेवावी, म्हणजे विसर पडत नाही. चुकून राहिलीच तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये. रक्त तपासणीसाठी दर वेळी परळ गाठण्याची गरज नसते. जवळच्या भरवशाच्या प्रयोगशाळेत आय.एन.आर. करून निकाल डॉक्टरांना कळविला तरी मात्रा ठरविता येते. बोटातील रक्ताच्या थेंबावर घरच्या घरी आकडा सांगणारी छोटी यंत्रेही निघाली आहेत. अशी तपासणी स्वतः करणाऱ्यांत गुठळीचे अपघात जवळजवळ निम्म्यावर येतात, असे २०१२ साली अनेक प्रयोगांच्या एकत्रित अभ्यासात दिसून आले. एका घराला ते यंत्र व त्याच्या पट्ट्या परवडणार नाहीत. पण एखादे मंडळ, पतपेढी किंवा वस्तीतील दवाखाना मिळून दहा-वीस रोग्यांसाठी एक यंत्र ठेवू शकेल. गणेशोत्सवाची वर्गणी ज्या नेटाने जमते तिच्या अल्पांशात हे काम होण्यासारखे आहे.

आणि मुळावरच घाव घालावयाचा तर शाळेकडे वळले पाहिजे. लहान मुलाचा घसा वारंवार सुजून मागून सांधे सुजत असतील तर ‘वाढीचे दुखणे’ म्हणून सोडून देऊ नये. वेळेवर दिलेले पेनिसिलीन, आणि एकदा संधिज्वर होऊन गेला असेल तर डॉक्टर सांगतील तितकी वर्षे दर तीन आठवड्यांनी त्याचे इंजेक्शन, यांनी कित्येक झडपा मुळातच शाबूत राहतात. ज्या मुलाची स्वतःची झडप वाचली त्याला चित्राचीही गरज नाही आणि वॉर्फरिनचीही नाही.

ज्यांच्या हृदयात यंत्र बसले आहे त्यांच्याविषयी मात्र शेवटी एवढेच सांगावयाचे. झडपेचा आवाज बदलला, धाप लागली, तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, पाय थंड पडला, किंवा शौच काळी झाली, लघवीतून रक्त गेले, डोके एकाएकी असह्य दुखू लागले, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. रात्री असेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे आणि ती वही बरोबर न्यावी. एरव्ही ज्या घरात असा रोगी आहे त्या घरात संध्याकाळी दिवा लावताना कोणीतरी विचारीत जावे, ‘आजची गोळी घेतली का?’ हा प्रश्न रोज विचारावयास खर्च काही येत नाही.